राखून ठेवलेले गुडघे

पूर्वी रोजची जपमाळ मी गुडघे टेकून म्हणायचे. ते कुरकुरायला लागल्यावर खुर्ची धरली. उरलेलं बळ दर उन्हाळ्यात डोंगरातल्या एका मुक्कामासाठी राखलं. यंदा मी आणि माझ्या नवऱ्याने, डेसने, नकाशावरची उताराची एकेक वाट खोडली. एकच उरली: सपाट नदीकाठ, झुलता पूल, तळ्याकाठची लाकडी खोली, पहाटे पत्र्यावर नाचणारे किआ पक्षी. आज वनखात्याचा फोन ठेवून डेस म्हणाला, “पूल पुरात वाहून गेला. आता खिंडीतून वळसा, तीनशे मीटर चढ नि तेवढाच उतार.” “दुसरी शोध ना, डेस.” “बाकीच्या आपणच खोडल्या, नोएलीन. तुला पाठीवर नेलं असतं, पण माझे गुडघे तुझ्याहून मोठ्यांदा वाजतात.” जपाच्या वेळी मी खुर्ची बाजूला सारली, नकाशाची घडी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर गुडघे टेकले. “अगं, गुडघे सांभाळ!” डेस ओरडला. “कशासाठी?”