कुटुंबप्रमुख

लसीकरणाचं कार्ड. डाव्या पायाचा एकच चिमुकला बूट. कुकरची जुनी शिट्टी. मुंबईच्या इस्पितळातून आलेलं परिचारिकेच्या नेमणुकीचं पत्र.

हे सगळं पलंगावर मांडून विनया दुसरा बूट शोधत होती, तेवढ्यात सासऱ्यांनी दारातूनच सुनावलं, "तुला जायचं तर जा. मुलं कुरुंदवाडलाच राहतील."

"मुलं माझी आहेत, आबा. माझ्याबरोबर येतील."

"धाकटा दीड वर्षाचा आहे. तिथं कोण बघणार त्याला? वॉचमन?"

"मी बघेन. त्याचा बाप बघेल. पाळणाघर बघून आलेय."

बापाने मान डोलावली. मघाशी आबांपुढेही त्याने ती अशीच डोलावली होती.

"रेशनकार्डातून नावं कमी करायला माझी सही लागेल," आबा म्हणाले. "घरचा कर्ता मी आहे, आणि मी सही करणार नाही."

विनयाने अर्ज त्यांच्यासमोर धरला. "नीट वाचा, आबा. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख घरातली थोरली बाई असते."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या काखेत हरवलेला बूट होता.

"पेन दे," एवढंच त्या विनयाला म्हणाल्या.

"अगं, जरा विचार तरी कर!" आबा ओरडले.

"केलाय. पुष्कळ वर्षं केलाय," म्हणत त्यांनी ठसठशीत सही केली.

एकोणनव्वद साली, मुलगा दहा महिन्यांचा असताना, सासूबाईंना पुण्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली होती. त्या रुजू झाल्या नव्हत्या.