वेशीवरचा म्हातारा

न कळवता, दोन बॅगा घेऊन मी माहेरी आले. बाबांनी दारातच विचारलं, "काय गं, सगळं ठीक ना?"

"हो. सहज आले."

ते पुन्हा त्यांच्या जुन्या व्हिडिओ गेमसमोर जाऊन बसले. मी नुसत्या येरझारा घालत होते. ड्रॅगनला मारायला निघालेला त्यांचा योद्धा वेशीवरच्या एका म्हाताऱ्याला पुन्हापुन्हा तेच विचारत होता आणि म्हातारा दर वेळी म्हणत होता, "गावात सगळं ठीक आहे."

मी वैतागले. "चारदा सांगितलं ना त्याने! सोडा की आता."

"अगं, खरी गंमत तिथेच आहे. पाचव्यांदा विचारलं की मनातलं सांगतो तो."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"बाबा, मला तुम्ही एकदाच विचारलंत."