सकाळची पानं

जोल्दोशनं बायकोला दुसरी थप्पड लगावली तशी बुरुल चुलीपाशी कोलमडली. तिचं मनगट तर त्यानं महिन्यापूर्वीच मोडलं होतं.

"परवा मी बिश्केकला जातेय, भावाकडे," ओठावरचं रक्त पुसत ती म्हणाली. "हे मनगट दाखवायला."

"जा की. जिवंत राहिलीस तर जाशील!"

मेल्याच्या अंगात राग शिरला की त्याच्यातला माणूस उरतच नसे. पण या वेळी त्यानं डोकं चालवलं.

बुरुल वनस्पतींवर संशोधन करायची. मागच्या खोलीत तिनं डोंगरातली निळ्या फुलांची झाडं लावली होती. तिनंच एकदा कौतुकानं सांगितलं होतं, "या झाडांच्या आत घड्याळ असतं. विष तयार करणारं जनुक सकाळी झोपलेलं, संध्याकाळी जागं. सकाळची पानं गुडघेदुखीवर औषध. संध्याकाळची प्यायलात, तर खेळ खलास."

त्या पानांचा काढा बुरुल करायची आणि दोघंही घ्यायचे. त्याचा दूध-मीठ घातलेला, तिचा कोरा. किटल्याही वेगळ्या. आणखी काय हवं होतं त्याला?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःसाठी पानं खुडली. थंडी पडल्यापासून बुरुलनं काचांवर जाड लोकरी पडदे टांगले होते. आत एवढा काळोख, की बॅटरी लावावी लागली. संध्याकाळी तिच्यासाठी खुडायला गेला, तर सगळे दिवे चालू.

"दिवसा अंधार नि रात्री लखलखाट! बिल काय हिचा भाऊ भरणार?" तो पुटपुटला.

मग दोन्ही किटल्या घेऊन तो तिच्यासमोर येऊन बसला. "आज काढा मी केलाय. काल चुकलंच माझं."

बुरुलनं दोन वाडगे अर्धे भरले. आमच्या या डोंगरी मुलखात घरच्या माणसाला अर्धाच ओततात. काठोकाठ भरला, की पाहुण्यानं निरोप समजून उठायचं.

"आधी तुम्ही प्या."

"एवढा अविश्वास?" हसत हसत त्यानं वाडगा रिकामा केला. मग तीही प्यायली, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.

जोल्दोश तिच्या तोंडाकडे टक लावून बसला. बराच वेळ गेला. तिला काहीच होईना. त्याच्या ओठांना मात्र मुंग्या आल्या, मग जीभ बधिर झाली.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "मनगट मोडलंत ना, त्या दिवसापासून त्या झाडांची सकाळ दिवे लागल्यावर होते."

त्यानं उठायची धडपड केली. पाय हलेनात.

बुरुलनं त्याची किटली उचलली आणि त्याचा वाडगा काठोकाठ भरला.