रिकामी खोली

जेसीबी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला आणि शहजादीने थापलेली भाकरी परातीतच राहिली. डोक्यावरचे पत्रे थरथरत होते. तिने मुलीला, मुबश्शिराला, जवळ ओढलं. नवरा, नबी, मोसंब्यांचा गाडा घेऊन बसस्टँडवर गेला होता आणि फोन उचलत नव्हता.

बीडच्या बसस्टँडमागची ही खोल्यांची ओळ मोहनरावांनी बांधलेली. हातावर पोट असणाऱ्याला झेपेल एवढंच भाडं. गेल्या वर्षी ते वारले आणि त्यांच्या मुलाने, अमरसिंहने, सगळ्यांना खोल्या सोडायला सांगितल्या. इथे कॉम्प्लेक्स होणार होतं. शेजारचे आसाराम कालच बायकोमुलांसह आपल्या गावी, चकलांब्याला निघून गेले. चावी शहजादीकडे ठेवून गेले. तिला परतायला गाव नव्हतं. ती आणि नबी महिनाभर खोली शोधत फिरले. जिथे भाडं जमायचं, तिथे यांनी नाव सांगितलं की खोली भरलेली निघायची.

एक रिक्षा आली. अमरसिंहची आई, वत्सलाबाई, उतरल्या. जागा आता त्यांच्या नावावर होती. त्यांनी होकार दिल्याशिवाय मशीन आलीच नसती.

"आसारामची खोली रिकामी झाली का गं?"

"हां बाई. कालच."

"उघड."

म्हणजे कडेच्या या खोलीपासून पाडणार.

"बाई, पोरीची परीक्षा तरी होऊ द्या," शहजादी म्हणाली. तिच्या हातून कुलूप उघडेना. वत्सलाबाईंनी चावी घेतली. त्यांच्याही हातून ते लवकर उघडेना.

मग त्यांनी रिक्षावाल्याला हाक मारली. "भाऊ, गादी अन् स्टोव्ह आत आणा."

अमरसिंह जेसीबीजवळून धावत आला. "आई, तू कशापायी आलीस इथं? बाहेर ये!"

"मी इथं ऱ्हायला आले."

"इथं? या लोकांत?"

"तुझ्या बापासंगं माझा संसार इथंच सुरू झाला. पाडायचं तर माझ्यासकट पाड."

अमरसिंहने दाराला लाथ घातली. मुबश्शिरा रडायला लागली. माणसं आपापल्या दारात उभी होती, कुणी पुढे येत नव्हतं. तेवढ्यात जेसीबीचा आवाज थांबला. ड्रायव्हर खाली उतरला होता.

"मालक, आत म्हातारं माणूस हाय. मी न्हाई चालवणार."

अमरसिंह गाडीत बसून निघून गेला. जेसीबी मागे सरकत गल्लीबाहेर पडला.

शहजादी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. वत्सलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाणी प्यायला त्यांनी हात वर केला तसा पदर सरकला. दंडावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"सही दे म्हणत होता," त्या म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि मधल्या भिंतीवर हात ठेवला. "रात्री तो परत आला, अन् मी हाक मारली, तर येशील ना गं?"