दोनशेत एक

"ऑपरेशनमध्ये माझे बाबा दगावण्याची शक्यता किती?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनी लिंबूशी लावली होती; हे नावही त्यांनीच यंदा पाडलेलं. लिंबूच्या जिभेला हाड नाही असं सगळा वर्ग म्हणे, पण डॉक्टरांसमोर तिचीही बोबडी वळणार याची त्यांना खात्री होती. तिची वळली नाही. वळली ती आईची.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. असं सरळ विचारायचं मोठ्यांच्यानंही होत नाही, म्हणाले.

"दोनशेत एक."

"आणि ऑपरेशन केलंच नाही तर?"

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे. आई खिडकीबाहेर बघत होती आणि खिडकीबाहेर नुसती भिंत होती.

"उन्हाळ्यापर्यंत," डॉक्टर म्हणाले. "फार तर."

तारीख नाताळच्या सुट्टीतली ठरली. निदान शाळा कमी बुडेल, असं बाबांचं म्हणणं. संमतीच्या कागदांवर आईची सही हवी होती, बाबांची हवी होती आणि एका ओळीवर लिंबूचीही. पंधराव्या वर्षी कुणी आपली सही मागतंय म्हटल्यावर एरवी तिला केवढा तोरा चढला असता. विचार करून सह्या करा, असं सांगून डॉक्टरांनी कागद घरी न्यायला दिले.

पैज हरल्याबद्दल मैत्रिणींपैकी चष्मिसने आठवडाभर लिंबूचं दप्तर उचलायचं कबूल केलं. तशी महिनाभर ती ते उचलतच होती.

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी सगळी शाळा सभागृहात बसवली. लिंबूने खुर्च्या मोजल्या. दहा रांगा, रांगेत वीस. मग तिने एकेका खुर्चीवर बाबांना बसवलं. तेच टक्कल, तोच ढगळ झालेला निळा शर्ट, दोनशे वेळा. त्यातली एक खुर्ची रिकामी करून बघितली. मग ती सोडून दुसरी. जी रिकामी करावी, तिथले बाबाच तेवढे खरे होते असं वाटायचं. मुख्याध्यापिका काय बोलल्या ते तिच्या कानावरून गेलं. ती तळहात खाजवत बसून राहिली.

बाबा तीन महिन्यांत अकरा किलो उतरले होते. साखर बंद, बिअर बंद. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिन्याने चढतोय म्हणून शेजारी चेष्टा करत, आणि बाबा धापा टाकत त्यांच्यासोबत हसत. आई शिवणयंत्रावर त्यांच्या पँटी आत घ्यायची, आणि त्याच बैठकीत लिंबूचा स्कर्ट कमरेत सैल करायची. एकाचं गेलं ते दुसरीला मिळालं, घरचं घरातच राहिलं, असं बाबा म्हणाले. आई हसली नाही.

मग ते घराच्या मागे लागले. गळका नळ, बाथरूमची कडी, इस्त्रीची वायर. फ्यूजच्या पेटीत कुठला खटका कुठल्या खोलीचा, ते चिठ्ठ्या लिहून चिकटवलं आणि आईकडून दोनदा म्हणवून घेतलं. एकेक वस्तू ठीकठाक होत होती, तसतसं लिंबूला वाटत होतं, नळ गळत होता तेच बरं होतं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती हट्ट करून त्यांच्याबरोबर कामावर गेली. आठ मजली इमारत होती. बाबांचे दोन जोडीदार आधीच येऊन थांबले होते. वरच्या मजल्यावरून लिफ्टच्या विहिरीत शिडीने उतरण्याआधी तिघांनी मुख्य खटक्याला आपापलं कुलूप लावलं आणि किल्ल्या आपापल्या खिशात टाकल्या.

एका कुलपात भागलं असतं की, लिंबूने शंका काढली.

"उतरणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं," बाबा म्हणाले. "सगळ्यांनी काढल्याशिवाय लिफ्ट हलत नाही."

"दोघं तयार असले आणि तिसरा नसला तर?"

"तर नाही हलत. साहेब येऊन नाचला तरी."

ते खाली उतरले. बाबांच्या डोक्यावरचा दिवा लहान लहान होत दिसेनासा झाला. लिंबूने हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसरी मारली, तेव्हा खालून नुसता तिचाच आवाज परत आला. तिसऱ्या हाकेला बाबा वैतागून ओरडले, की काय गं, काम करू देशील का नाही. तोवर तिचं ठरून गेलं होतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाबांनी टेबल पुसून कागद मांडले. आईची सही झाली होती, तिची शाई एका ठिकाणी पसरली होती. बाबांची नेहमीसारखीच ऐटदार होती. दाराशी दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. सकाळी सातला पोचायचंय, आईने तिसऱ्यांदा सांगितलं.

बाबांनी पेन सरकवलं. "घ्या, वकीलबाई. तुमच्यावाचून अडलंय."

लिंबूने पेनाला टोपण लावलं आणि ते परत त्यांच्यासमोर ठेवलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आजारी मी आहे. माझ्यासाठी बाबांचं लिव्हर कापायचं नाही."