चिठ्ठीतली आप्तांची ओळ

अमेरिकन विमानं निघून गेल्यावर त्रुओंग सोन डोंगराच्या उतारावर थिएम आणि विन्ह या दोघा सैनिकांनी बॉम्बने मेलेल्या ख्वातसाठी खड्डा खणला. रिवाजाप्रमाणे ओळखीची चिठ्ठी पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटलीत घालून प्रेताच्या खिशात ठेवायची होती. थिएमने नाव लिहिलं, पलटण लिहिली. आप्तांच्या ओळीवर पेन्सिल थांबली. ख्वात अनाथ होता. थिएमच्या आईचं पत्र आलं, की सगळ्यांदेखत तो ते वाचायला लावायचा, “वाच रे तान्हुल्या, काय म्हणते आपली आई?” लाजरा थिएम त्यातूनच बोलका झाला होता. “रेघ मार,” वयाने थोरला विन्ह म्हणाला. “त्याचं श्राद्ध घालणारं कुणी उरलेलं नाही.” “मग तो उपाशीच भटकणार, दादा?” “असे पुष्कळ भटकताहेत.” थिएमने तिथे आपल्या आईचं नाव लिहिलं. “वेड्या, मेल्याचं पत्र तिच्याकडे गेलं की म्हातारी ऊर बडवून रडेल!” बूच दाबत थिएम म्हणाला, “रडू दे. मला रडू येत नाहीये.”