सलग दोन वर्षे

संस्थेच्या कार्यालयात, शिरल्याबरोबर दिसेल अशा ठिकाणी, पाटी आहे : 'येथे नेमणूक केवळ गुणवत्तेवर होते.' त्या पाटीखालच्या बाकावर बळीराम आपणच आणलेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये बसला होता.

नियमाने मुलाखतीला तीन उमेदवार लागतात. कमी आले तर पुन्हा जाहिरात, आणि पुन्हा जाहिरात म्हणजे कोण येईल सांगता येत नाही. म्हणून कॉलेजचा ॲथलेटिक्स प्रशिक्षक बळीराम दर जूनमध्ये स्वतःच्याच जागेसाठी स्वतःच दोन उमेदवार आणायचा. उमरेडहून एसटीने येणारे मारोतराव, शाळेतले निवृत्त पीटी मास्तर. आणि नंदिनी, त्याच्याच हाताखाली आठशे मीटर धावलेली, आता गांधीबागेत साडीच्या दुकानात. चहा-पोहे बळीरामकडे.

"गुडघा लय दुखून राहिला गा," मारोतराव म्हणाले. "लवकर आटपलं तर एकची बस भेटते."

"सर, काहीही विचारलं तरी माहीत नाही म्हणायचं नं?" नंदिनीने विचारलं. "की थोडं माहीत आहे म्हणू?"

"थोडंही नको."

तेवढ्यात लिपिक केशवबाबू एक कागद घेऊन आले आणि बळीरामच्या कानाशी वाकले. "यंदा वरून नवीन अट आली, भाऊ. एकाच ठिकाणचा सलग दोन वर्षांचा अनुभव पाहिजे."

"मग भ्यायचं काय त्यात? मले तर इथंच चौदा वर्षं झाली."

"हळू बोल गा! कुठं लिहून आहे?"

लिहून काहीच नव्हतं. होतं ते उलटच. नेमणूक अकरा महिन्यांची. मे महिन्यात बळीराम संस्थेचा कोणी नसायचा, फक्त मैदानाला पाणी तेवढं तोच मारायचा. आणि जूनमध्ये तो सही करायचा : 'माझी सेवा सलग नाही, मी कोणताही हक्क सांगणार नाही.' अशी चौदा प्रतिज्ञापत्रं केशवबाबूंच्या कपाटात नीट लावून ठेवलेली होती. चौदावं आज सकाळचंच.

"आणि वयाची अट?" बळीरामने उगाच विचारलं.

"ती लिहायची राहून गेली."

पहिली नंदिनी आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. "नाव सोडून सगळं माहीत नाही म्हटलं, सर," ती म्हणाली आणि दुकान गाठायला पळाली.

मग बळीराम. आत अध्यक्ष, प्राचार्य आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. प्राचार्यांनी मान वर केली नाही. रोज सकाळी सहाला ते बळीरामच्याच मैदानावर फिरायला यायचे, आणि त्याने शिट्टी वाजवली की दचकायचे.

"अनुभव किती?" तज्ज्ञांनी विचारलं.

बळीरामने खिशातली शिट्टी मुठीत आवळली. चौदा वर्षं म्हणावं तर चौदा प्रतिज्ञापत्रं खोटी. अकरा महिने म्हणावं तर तो अपात्र. पोरगी नववीत आहे, हे त्याला मध्येच आठवलं. ते इथे कोणी विचारलं नव्हतं.

"अकरा महिने, सर." मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "चौदा वेळा."

अध्यक्ष हसले. वाईट माणूस नव्हता. "बेरीज नाही करायची, बळीराम. बेरीज नियमात बसत नाही."

तो बाहेर आला. मारोतराव गुडघा धरत उठले आणि आत गेले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग शिपाई ट्रे घेऊन आत गेला. बळीरामने कप मोजले. चार. चौदा वर्षांत त्या खोलीत त्याच्यासाठी कधी कप गेला नव्हता. आतून हसण्याचा आवाज आला.

वीस मिनिटांनी मारोतराव बाहेर आले. हातात संस्थेचं पाकीट. नजर फरशीवर.

"काय झालं, काका?"

"त्यायनं विचारलं, अनुभव किती. एका शाळेत एकतीस वर्षं, म्हटलं. खोटं कसं बोलू गा?"

"अहो, पण जागा नको म्हणायचं होतं नं! काहून नाही म्हटलं?"

"म्हणतच होतो." मारोतरावांनी पाकीट उलटसुलट केलं. "पण ते 'या सर, बसा सर' म्हणाले. रिटायर झाल्यापासून मले कोणी सर म्हटलं नव्हतं, बळीराम."

केशवबाबूंनी रजिस्टर आणलं, मारोतरावांची सही घेतली आणि बळीरामकडे न बघता परत नेलं.

"तू भिऊ नको," मारोतराव हळूच म्हणाले. "मैदानावर येतं तसाच येत जाय रोज. पोरं तुलेच ओळखतात. सह्या मी करत जाईन."

जिना उतरायचा होता. बळीरामने मारोतरावांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. एक पायरी, थांबणं, मग दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर ॲथलेटिक्सचे नवे प्रशिक्षक कळवळून खालीच बसले आणि त्यांनी पाकीट उघडून नेमणुकीचं पत्र वाचलं.

रुजू व्हायची तारीख सोमवार होती. गुडघ्याचं ऑपरेशन मंगळवारी होतं.